पांढरीची साक्ष

(शिरूर व दौंड तालुक्यांतील धम्मबांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

बंधुभगिनींनो,

आज मी तुमच्यापुढे मातीविषयी बोलणार आहे. धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे मातीतून निघालेल्या खापरांची, हाडांची आणि जळक्या धान्याची चर्चा कशासाठी, असे तुमच्यापैकी कित्येकांना वाटेल. परंतु ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या एकच गोष्ट ऐकविण्यात आली की, तुम्हाला इतिहास नाही, पोथी नाही, ताम्रपट नाही, त्या समाजाने इतिहास कशाने सिद्ध होतो हे प्रथम समजून घेतले पाहिजे. इतिहास केवळ पोथीनेच सिद्ध होत असता, तर ज्यांच्या हाती पोथी त्यांचाच तो राहिला असता. सुदैवाने तसे नाही. पोथीच्या खाली जमीन आहे आणि जमिनीची साक्ष कोणी कोणाला विचारून देत नाही. ही साक्ष काढण्याचे शास्त्र पुण्याच्या एका संस्थेने तुमच्याच तालुक्यांत येऊन कसे चालविले, त्या शास्त्राच्या जाणकारांनी देशाबाहेर जाऊन काय केले आणि त्यातून तुम्ही काय घ्यावे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभ १८२१ या सालापासून करू. त्या वर्षी पुणे परिसरात दोन गोष्टी घडल्या. कोरेगावासमोर, भीमेच्या पलीकडच्या तीरावर, विजयस्तंभाची पायाभरणी झाली. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्या दगडावर कोरली गेली. त्यांत ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘नाक’ हे पद आहे अशी २२ नावे आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब त्या स्तंभापाशी गेले. ती नावे दगडावर नसती तर ते शिपाई आज कोणाच्या स्मरणात राहिले असते, याचा विचार तुम्हीच करा. त्याच १८२१ साली पुण्यात विश्रामबाग वाड्यात सरकारने एक संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवाईत ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जात असे, तिच्याच निधीतून या पाठशाळेचा खर्च भागविण्यात आला आणि ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीच होती. एकाच वर्षी एकीकडे दगडाने आपल्या माणसांची नावे सांभाळली आणि दुसरीकडे विद्येचे दार आपल्या माणसांना बंद ठेवून उघडले.

या पाठशाळेचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. दक्षिणेच्या निधीवरून पुण्यात मोठा वाद माजला होता. त्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा असा अर्ज सुधारकांनी १८४९ साली केला, तेव्हा सनातनी मंडळींचा प्रचंड रोष झाला. त्या प्रसंगी अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. १८५१ साली संस्कृत पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झाले. १८६४ साली त्यास डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याच्या बाजूस जी दगडी इमारत उभी राहिली, तीत १८६८ साली कॉलेज गेले. १९३४ साली सरकारने ते बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पुन्हा उघडले ते पदवीचे सामान्य महाविद्यालय म्हणून नव्हे, तर पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. १९९० साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

दक्षिणेच्या पैशावर संस्कृत शिकविण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने, ज्यांना संस्कृत ठाऊक नव्हते आणि ज्यांना लिहिताही येत नव्हते अशा माणसांची घरे आपल्या जिल्ह्यात उकरून काढली. संस्थेचा जन्म कोणत्या हेतूने झाला ही गोष्ट विसरू नये. परंतु ज्ञानाची पद्धत खरी असेल तर ती संस्थेला तिच्या जन्माच्या मर्यादेबाहेर नेते, हीही गोष्ट विसरू नये.

१९३९ साली या संस्थेत हसमुख धीरजलाल सांकळिया हे प्राध्यापक म्हणून आले. त्यांचा पहिला ग्रंथ नालंदा विद्यापीठावर होता व तो १९३४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे बौद्धांच्या महाविहाराचा अभ्यास करणारा हा तरुण पुढे महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचा पाया घालणारा ठरला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्हापूरची ब्रह्मपुरी, नाशिक, प्रवरेकाठचे जोर्वे व नेवासे, नर्मदेकाठचे नावडातोली आणि पुणे जिल्ह्यातील चांडोली अशा अनेक ठिकाणी उत्खनने केली. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे लाल रंगाची, काळ्या नक्षीची, टिचकी मारल्यास धातूसारखी वाजणारी भांडी सापडली. तशीच भांडी पुढे महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी मिळाली की, त्या सर्व संस्कृतीस जोर्वे हेच नाव पडले. एका लहान गावाचे नाव एका युगाला मिळाले. कोणत्याही राजाचे नाव त्या युगाला नाही, कारण तेथे राजाचे नाव सांगणारे अक्षरच नव्हते.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. तुम्ही खेड्यातील माणसे आहात. पांढरी आणि काळी हे शब्द तुम्हांस शिकवावयास नकोत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीची जमीन. घरे पडतात, त्यांच्या भिंतींची माती तेथेच राहते, चुलीची राख आणि गोठ्याची घाण तिच्यात मिसळते, त्यावर पुन्हा घर उभे राहते. अशा शेकडो वर्षांच्या वस्तीने जमीन उंचावते आणि तिचा रंग पालटतो. नदीकाठी जे पांढुरके टेकाड तुम्ही रोज पाहता, ते पुष्कळदा एखाद्या मेलेल्या गावाचे शरीर असते. संशोधक त्यावर चौकोन आखतात आणि वरून खाली एकेक थर सोलून काढतात. जो थर खाली तो आधीचा, जो वर तो नंतरचा. प्रत्येक खापर कोणत्या थरात मिळाले ते लिहून ठेवतात. कारण जागेवरून उचललेली वस्तू मुकी होते. घरात ठेवलेले सुंदर मडके काहीच सांगत नाही, पण थरात बसलेला फुटका तुकडा काळ सांगतो. जळालेले लाकूड आणि धान्य प्रयोगशाळेत पाठवून त्यातील कार्बन मोजला म्हणजे ते किती वर्षांपूर्वीचे आहे हे कळते.

गावाच्या सीमेविषयी तंटा झाला म्हणजे पूर्वी महाराची साक्ष काढीत. कोणता दगड कोठे होता, ओढा कोठून वळत होता, हे त्याला ठाऊक असे आणि त्याचे बोलणे प्रमाण मानीत. त्या माणसाला गावाच्या वेशीबाहेर राहावे लागे, परंतु गावाच्या हद्दीचा निवाडा त्याच्या तोंडून होई. जमिनीची साक्ष देणे हे काम आपल्या समाजाला परके नाही. मात्र ती साक्ष आपण इतरांच्या मालकीसाठी देत आलो. आता ती ज्ञानासाठी द्यावयाची आहे.

आता शिरूर तालुक्याकडे येऊ. घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे. तेथील प्राचीन टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर हे या कामाचे धुरीण होते. त्याचा मोठा अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. भारतातील ताम्रपाषाणयुगाच्या खेड्याचा इतका सविस्तर अभ्यास क्वचितच झाला आहे. १३० हून अधिक घरे आणि २५० हून अधिक दफने तेथे उजेडात आली. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते इ. स. पूर्व सुमारे ७०० एवढा दीर्घकाळ तेथे लोक नांदत होते. पलीकडे दौंड तालुक्यात, मुळा-मुठा भीमेस मिळते त्या परिसरात, वाळकी येथेही त्याच संस्कृतीची एक लहान शेतवस्ती उत्खननात आढळली. म्हणजे ज्या दोन तालुक्यांत तुम्ही राहता, तेथे साडेतीन हजार वर्षांपूर्वी नांगरट, पेरणी आणि मळणी होत होती.

ही माणसे काय खात होती? मुख्य पीक सातूचे होते. त्याबरोबर गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा अशी धान्येही मिळाली. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या ते पाळीत. नदीच्या पुराचे पाणी वळवून साठविण्यासाठी त्यांनी पाट खणला होता आणि त्यास बांध घातला होता. शिरूर-दौंडच्या कोरड्या भागात पाण्यासाठी माणसाने केलेली ही खटपट तुम्हांस परकी वाटणार नाही. त्यांच्यात कुंभार होते, तांब्याचे काम करणारे होते, मणी आणि हस्तिदंताच्या वस्तू घडविणारे होते. पहिल्या काळात त्यांची घरे चौकोनी व प्रशस्त होती. शेवटच्या काळात, इ. स. पूर्व १००० च्या पुढे, त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि खाण्यात हरणासारख्या रानटी जनावरांच्या हाडांचे प्रमाण वाढले. पाऊस कमी झाला, शेती फसू लागली आणि माणसे शिकारीकडे वळली, असा अर्थ संशोधकांनी लावला आहे. अखेर ते गाव उजाड झाले. दुष्काळाने गाव उठते ही गोष्ट या भागाने अगदी जवळच्या काळातही पाहिली आहे.

आता त्या लोकांच्या मरणाविषयी सांगतो, कारण तेथे समाज अधिक स्पष्ट दिसतो. ही माणसे मृतांना गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरीत. उघड झालेल्या दफनांत लहान मुलांचीच संख्या मोठी आहे. मूल गेले म्हणजे दोन मडकी आडवी ठेवून त्यांची तोंडे एकमेकांस लावीत आणि त्या पोकळीत त्याला ठेवीत. ज्या आईने आपल्याच घराच्या भुईखाली ते मूल ठेवले आणि त्याच भुईवर पुढे दळण-कांडण केले, तिचे नाव आपल्याला कधीही कळणार नाही. तिचे दुःख मात्र त्या दोन मडक्यांनी साडेतीन हजार वर्षे राखून ठेवले आहे. किसागोतमीला तथागतांनी मोहरी आणावयास पाठविले ती कथा तुम्ही विहारात ऐकली असेल. ज्या घरात कोणी मेले नाही असे घर तिला सापडले नाही. इनामगावातही तसे घर सापडत नाही.

प्रौढ माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडून टाकीत. मृताने उठून जाऊ नये, अशी काही समजूत त्यामागे असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. परंतु एका मोठ्या, पाच दालनांच्या घराच्या अंगणात चार पायांची मातीची एक भली मोठी रांजणासारखी हंडी मिळाली आणि तीत एक प्रौढ पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला होता. त्याचे पाय मात्र तोडलेले नव्हते. त्या घराशेजारी धान्याचे कोठार होते. तो गावाचा प्रमुख असावा असे मानतात. सधन शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मधल्या भागात आणि कारागिरांची घरे कडेला होती, असेही उत्खनन करणाऱ्यांनी दाखविले आहे.

येथे तुमच्या मनात एक विचार आला असेल. माझ्याही मनात तो आला. कोणाचे घर मध्यभागी, कोणाचे कडेला. कोणाचे पाय तोडलेले, कोणाचे शाबूत. ही तर आपलीच कहाणी! वेशीबाहेरची वस्ती तेव्हापासूनच आहे! परंतु बंधुभगिनींनो, येथेच आपण थांबले पाहिजे. माती जे सांगते तेवढेच ऐकले पाहिजे. माती सांगते की, त्या गावात मान आणि संपत्ती यांत फरक होता. जातिभेद होता, विटाळ होता, हे त्या मातीतून सिद्ध होत नाही. कडेला राहणारा कारागीर अस्पृश्य होता असे म्हणण्यास तेथे आधार नाही. ते लोक महार होते, नाग होते, बौद्ध होते, असे तर मुळीच म्हणता येणार नाही. भगवान बुद्धांच्या जन्मापूर्वी सुमारे एक हजार वर्षे ते गाव वसले आणि त्यांच्या जन्मापूर्वीच ते ओस पडले. आपण त्यांचे वंशज आहोत की नाही हेही त्या हंडीवर लिहिलेले नाही.

हे सांगताना मला संकोच वाटत नाही. ज्यांनी हजारो वर्षे कल्पित कथा रचून आपणांस खालच्या पायरीवर बसविले, त्यांच्या कथा आपण नाकारल्या. ब्रह्मदेवाच्या पायांपासून कोणी जन्मला ही गोष्ट आपण खोटी म्हणून सोडली. मग तिच्या जागी आपल्या सोयीची दुसरी कल्पित कथा बसविली, तर आपण काय बदलले? देवळातील मूर्ती बदलणे आणि मन बदलणे यांत अंतर आहे. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला त्याचा आशय हाच होता की, परंपरेने आले, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काहीही मानू नका. ‘आपल्या मनाला गोड वाटते’ हे कारणही त्या यादीबाहेरचे नाही.

बाबासाहेबांनी हा नियम स्वतःला लावून घेतला. १९४८ साली त्यांनी अस्पृश्यांच्या उगमावर ग्रंथ लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, काही ठिकाणी दुवे तुटलेले आहेत आणि तेथे आपण तर्काने सिद्धान्त मांडीत आहोत. त्यांना पाहिजे असता तो तर्क वेदवाक्य म्हणून मांडता आला असता. त्यांचा शब्द प्रमाण मानणारे लाखो लोक होते. तरी त्यांनी पुरावा कोठे संपतो आणि अनुमान कोठे सुरू होते याची रेघ स्वतः आखली. त्यांच्या अनुयायांनी ती रेघ पुसू नये.

या शास्त्राची खरी परीक्षा देशाबाहेर होते, कारण तेथे राष्ट्राचा अभिमान आड येतो. आपल्या दृष्टीने या परदेशी उत्खननांत पहिले स्थान नेपाळचे आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये, नागपूरच्या दीक्षेनंतर थोड्याच दिवसांत, बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. भगवान बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी आज नेपाळच्या हद्दीत आहे. ते ओळखले गेले तेही पोथीवरून नव्हे. १८९६ साली तेथे सम्राट अशोकाचा शिलास्तंभ मिळाला आणि त्यावरील ब्राह्मी अक्षरांनी, येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले, असे स्पष्ट सांगितले. ती अक्षरे वाचता आली, कारण त्यापूर्वी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली होती. ज्या देशात बुद्ध विष्णूचा अवतार म्हणून सांगितला जात होता, त्या देशाला बुद्ध हा एका विशिष्ट गावी जन्मलेला माणूस होता हे एका दगडाने दाखविले.

१९६२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या देवला मित्रा यांनी नेपाळच्या तराईत तिलौराकोट येथे उत्खनन केले. पुढे त्याच विदुषी त्या विभागाच्या पहिल्या स्त्री महासंचालक झाल्या. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. १९६५ साली शांताराम भालचंद्र देव यांनी काठमांडू परिसरात उत्खनन केले. हे देव डेक्कन कॉलेजच्या परंपरेत तयार झालेले, नेवाशाच्या अहवालाचे सहलेखक. नेपाळातील कामानंतर, १९६९-७० मध्ये, त्यांनी विदर्भात भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे जगत्पती जोशी यांच्यासह प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणला. दीक्षाभूमीच्या प्रदेशातच दोन हजार वर्षांपूर्वी उपासक स्तूपाला दान देत होते, हे त्या उत्खननाने सप्रमाण दिसले. येथे आपल्याला अनुमान करावे लागत नाही. तेथे दगड आहे, अक्षर आहे आणि दात्याचे नाव आहे.

शाक्यांची राजधानी कपिलवस्तू कोणती, हा प्रश्न मात्र सोपा नाही. नेपाळात तिलौराकोटचे नाव घेतात. भारतात पिप्रहवा येथे १८९८ साली अस्थिकलश मिळाले होते, आणि १९७० च्या दशकातील उत्खननात तेथे कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा मिळाल्या, म्हणून येथे पिप्रहव्याचे नाव घेतात. दोन देशांचा अभिमान या वादात गुंतला आहे. बौद्धांनी यात कोणाची बाजू घ्यावी? पुराव्याची. आपली तीर्थयात्रा सीमेच्या या बाजूस घडते की त्या बाजूस, यावर धम्माचे सत्य अवलंबून नाही.

परदेशी कार्याची आणखी दोन उदाहरणे देतो. इजिप्तमध्ये आस्वानच्या मोठ्या धरणाखाली नुबियाची प्राचीन स्थळे बुडणार होती, तेव्हा युनेस्कोच्या हाकेला ओ देऊन १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे पथक तेथे गेले आणि बुडण्यापूर्वी त्या भूमीची साक्ष त्याने नोंदविली. अफगाणिस्तानात बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्तींची डागडुजी १९६९ ते १९७७ या काळात भारतीय तज्ज्ञांनी केली. मार्च २००१ मध्ये तालिबानने त्या मूर्ती सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. मूर्ती गेल्या. परंतु त्यांची मोजमापे, छायाचित्रे आणि नोंदी राहिल्या, म्हणून त्या नव्हत्याच असे कोणी म्हणू शकणार नाही. नोंद करून ठेवण्याचे मोल अशा वेळी कळते.

आता पुन्हा आपल्या नद्यांकडे वळू. इनामगावच्या घोडीला वरच्या अंगास कुकडी मिळते. त्या कुकडीच्या खोऱ्यात जुन्नर आहे आणि जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचा फार मोठा समूह आहे. इनामगाव ओस पडल्यानंतर काही शतकांनी ही लेणी कोरली गेली. तेथील ब्राह्मी लेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा, कासारांच्या श्रेणीचा आणि धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. यवनांची, म्हणजे परदेशी उपासकांची, दानेही तेथे नोंदलेली आहेत. इनामगावच्या कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण त्याच्याजवळ अक्षर नव्हते. जुन्नरच्या वेळूकाराचे काम आणि त्याची श्रेणी दगडावर आहे, आणि ती आहे बौद्ध लेण्यात. श्रमिकाचे नाव सन्मानाने कोरले जाण्याची जागा धम्माने या जिल्ह्यात एकदा निर्माण केली होती. याचा अभिमान अवश्य बाळगा, कारण हा अभिमान पुराव्यावर उभा आहे.

शेवटी तुमच्या कर्तव्याविषयी चार शब्द बोलतो.

पहिले असे की, नदीकाठच्या पांढरीची माती शेतात खत म्हणून टाकण्यासाठी किंवा विटांसाठी गाड्या भरभरून नेतात. ती नेऊ नका आणि कोणी नेत असेल तर त्यास समजावून सांगा. नांगरताना किंवा पाया खणताना मडकी, नाणी, मूर्ती असे काही निघाले, तर ते घरी नेऊन पुजू नका आणि विकूही नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत मिळालेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. वस्तू जेथे मिळाली ती जागा न हलविता तलाठ्यास सांगणे हा त्यातला सोपा मार्ग आहे. बुद्धमूर्ती निघाली तर मोह अधिक होईल. तेव्हाही हाच नियम पाळा, कारण जागेवरून हललेली मूर्ती पूजेस मिळेल, पण साक्षीस उरणार नाही.

दुसरे, आपल्या घरातील कागद जपा. १९५८ च्या कायद्याने महारकी वतन संपुष्टात आले, परंतु त्या वतनाचे उतारे, वडिलांच्या शाळेचा दाखला, गिरणीतील किंवा रेल्वेतील नोकरीचे पत्र, दीक्षेच्या दिवशीचे छायाचित्र हे कित्येक घरांत पत्र्याच्या पेटीत कुजत पडलेले असतात. हक्काच्या सवलतीसाठी कचेरीत गेलात की दाखला मागतात आणि तेव्हा धावपळ होते. पण दाखला केवळ सवलतीसाठी नसतो. उद्या तुमच्या नातवाला तुमच्या दीक्षेचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्याला दुसरा कोणता थर उकरता येईल? प्रत्येक विहारात एक कोरडी, किड्यांपासून सुरक्षित पेटी ठेवा. तीत या कागदांच्या नकला ठेवा. वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्या तोंडून तारखा, गावे आणि नावे लिहून घ्या. जे निश्चित ठाऊक आहे ते एका बाजूस लिहा आणि जे ऐकीव आहे ते दुसऱ्या बाजूस लिहा.

तिसरे, मुलामुलींना या विद्येकडे पाठवा. उत्खननाच्या चरात घमेली वाहणारे हात खेड्यातील असतात आणि अहवालाच्या मुखपृष्ठावर पंडितांची नावे असतात. आपल्या मुलांचे हात त्या चरात असले तर वाईट नाही, परंतु त्यांची नावे त्या अहवालावर यावीत. पाली, प्राकृत, ब्राह्मी लिपी, अस्थिशास्त्र, रसायनशास्त्र यांतील कोणतीही विद्या आता कोणा एका जातीच्या मालकीची नाही. दोनशे वर्षांपूर्वी ज्या पाठशाळेत आपल्याला पाऊल टाकता आले नसते, तिच्या वारसदार संस्थेत राज्यघटनेने दिलेला हक्क म्हणून आपल्या मुली बसू शकतात. तो हक्क वापरला नाही तर तोही एक दिवस पांढरीखाली जाईल.

बंधुभगिनींनो, आपण धम्म स्वीकारला तेव्हा काय सोडले याची गणना पुष्कळ वेळा होते. देव सोडले, नवस सोडले, ओढाळ रूढी सोडल्या. त्याबरोबर एक गोष्ट आपण स्वीकारली आहे, ती म्हणजे पाहिल्यावाचून न मानण्याची जबाबदारी. ही जबाबदारी जड आहे. ती शत्रूच्या कथेला लागू होते, तशीच आपल्या कथेलाही लागू होते. इनामगावच्या मातीने आपल्याला पूर्वज म्हटलेले नाही, परंतु एका मोठ्या सत्याची ओळख करून दिली आहे. या भूमीत माणूस पोथीच्या आधी होता. त्याची चूल, त्याचे धान्य आणि त्याचे मेलेले मूल कोणत्याही वर्णाच्या आधी होते. एवढे सत्य, त्यात पदरचे काही न घालता, आपल्या मुलांना सांगा.

जय भीम. भवतु सब्ब मंगलं.